टाटा १६१३ ची ताकद वाढवायची आणि खिशात दीड लाख: आधी काय, नंतर काय

प्रश्न थोडक्यात असा. काटोलकडच्या एका तरुणाकडे वडिलांची २००९ ची टाटा १६१३ ही मालवाहू गाडी आहे. ६९७ टीसी (म्हणजे टर्बोचं) इंजिन, सहा चाकं, लाकडी डाला. हंगामात संत्रा जबलपूर आणि रायपूरकडे, बाकीचे महिने सिमेंट, कोळसा, मिळेल तो माल. जबलपूर रस्त्यावरच्या कुरई घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि अ‍ॅव्हरेज लिटरला ३.८ किलोमीटरवर आलं आहे. त्यांचा मिस्त्री म्हणतो, मोठा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बसवू, इंजिनाला डिझेल देणारा पंप वाढवून देऊ, मग बघा. हातात दीड लाख रुपये आहेत. आधी टर्बो घ्यावा, पंप करावा, की आणखी पैसे जमवून मोठं इंजिनच टाकावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी नागपूरजवळच्या वाडीला ट्रकच्या इंजिनांचं काम करतो. ६९७ आणि ४९७ ही टाटाची इंजिनं आमच्याकडे रोजची गिऱ्हाइकं. 'टर्बो घ्या' किंवा 'घेऊ नका' असं एका ओळीत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून जरा लांब लिहितो.

भाऊ, टर्बो की पंप याच्या आधी एक गोष्ट सुटली पाहिजे. तुमच्या गाडीची ताकद मुळातच अपुरी आहे, की होती ती कमी झाली आहे? दोन्हीत गाडी घाटात सारखीच रडते, पण खर्चाचा रस्ता पूर्ण वेगळा आहे. माझ्याकडे 'पॉवर वाढवून द्या' म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्या दुसऱ्या प्रकारच्या असतात. मालकाला वाढवलेली ताकद हवी असते आणि गाडीकडे मूळचीसुद्धा शिल्लक नसते.

हे ओळखायला थोडं गणित करू. १६१३ म्हणजे १६ टन आणि १३० हॉर्सपॉवर, टाटाच्या आकड्यांची रीतच ती. १६ टनांची गाडी ५ टक्के चढावर ताशी ३० किलोमीटरने न्यायची तर चाकांवर साधारण १०० हॉर्सपॉवर लागते. गिअरबॉक्स आणि हौसिंग (मागच्या धुरीचा दात्यांचा डबा) वाटेत खातात ते धरून इंजिनाने ११५ ते १२० दिली पाहिजे. म्हणजे तब्येतीत असलेली १६१३ हा चढ ३० च्या आसपास चढू शकते. तीच गाडी तोच चढ १८ ने चढत असेल, तर इंजिनातून ७० च्या आसपासच निघतं आहे. गिअरच्या पायऱ्यांमुळे आकडा थोडा मागेपुढे होतो, पण इतका नाही. आता वजन २० टन धरा. तेवढ्याच वेगाला इंजिनाकडून १४५ लागतात, जे या इंजिनात कधीच नव्हते.

म्हणून पहिलं काम दोनशे रुपयांच्या आत होतं. भरलेली गाडी धरमकाट्यावर चढवा आणि पावती घ्या. व्यापाऱ्याने सांगितलेलं वजन धरू नका, क्रेटच्या हिशोबाचंही नको. आरसीवर लिहिलेल्या वजनापेक्षा ती दोन-चार टन जास्त निघाली, तर तुमचा प्रश्न इंजिनाचा उरलाच नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या सुधारणेनंतर जादा भरतीला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड आहे. चार टन जादा म्हणजे एका पकडीत २८ हजार. शिवाय इंजिनाची ताकद वाढवून घाट चढाल, पण उतरताना ब्रेक तेच जुने असतात. जादा भरतीसाठी इंजिन वाढवून मागणाऱ्याला मी आधी ब्रेकचे लायनर आणि ड्रम दाखवतो.

वजन बरोबर निघालं असं धरून पुढे जाऊ.

दुसरी गोष्ट, जिच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे, ती म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. इंजिन गरम असताना ऑइल भरायचं झाकण काढून बघा. थोडी वाफ येणं ठीक. पण ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फकफक धूर येत असेल, ऑइल सारखं टॉपअप करावं लागत असेल, सकाळी स्टार्ट केल्यावर बराच वेळ पांढरा धूर आणि खडखड असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर संपत आले आहेत. अंदाजावर जाऊ नका, गेज लावून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. पाच सारखे आणि एक खाली निघाला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघायचं. सहाही खाली असतील तर इंजिन दमलं आहे. अशा इंजिनावर मोठा टर्बो म्हणजे पैसे नाल्यात. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढलं की रिंगांच्या बाजूने खाली जाणारा गॅसही वाढतो, ऑइल बाहेर फेकलं जातं आणि महिन्या-दोन महिन्यांत इंजिन खोलावंच लागतं.

कॉम्प्रेशन गेलं असेल तर दीड लाखाचा निकाल लागला. लायनर-पिस्टन किट, हेडचं काम, बेअरिंगं, गरज असेल तर क्रँक ग्राइंडिंग, पंप आणि नोझल (डिझेलचा फवारा मारणारी तोटी), यात तो सगळा जाईल. क्रँक किती घासलेला आहे त्यावर थोडं कमी किंवा थोडं जास्त. हे वाईट नाही. ते पैसे ताकदीवरच खर्च झाले, फक्त ते दिसत नाहीत. पण त्याआधी स्वतःला विचारा, ही गाडी अजून किती वर्षं चालवायची आहे? २००९ ची गाडी १५ वर्षांच्या पुढे गेली. फिटनेसचं शुल्क अशा गाड्यांना वरच्या दराने लागतं आणि फिटनेस दर वर्षी करावी लागते. दोन वर्षांत विकायची असेल तर फुल इंजिन करू नका, चालेल तेवढं चालवा. पाच वर्षं ठेवायची असेल तर जरूर करा.

आता कॉम्प्रेशन चांगलं आहे असं धरू. तुमच्या वर्णनावरून मला तशीच शक्यता वाटते, कारण ऑइल पिण्याचा उल्लेख तुम्ही कुठेच केलेला नाही. मग हरवलेली ताकद कुठे गेली ते शोधायचं, आणि शोधायची सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून करायची.

एका माणसाला केबिनमध्ये बसवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही पंपाचा लीव्हर बघा. तो शेवटच्या स्टॉपला टेकतो का? जुन्या गाड्यांत लिंकेजचे बॉल जॉइंट झिजलेले असतात, पेडलखाली चार थरांचं मॅटिंग असतं, आणि लीव्हर पाऊणच्या पुढे जातच नाही. मालक टर्बो बदलायला आलेला असतो आणि गाडी मॅटिंग काढून बरी होते. तसंच एक्झॉस्ट ब्रेक असेल तर त्याचं बटरफ्लाय, म्हणजे पाइपातली झडप, पूर्ण उघडतं का ते पाहा. काजळीने ते अर्धवट अडकलं की इंजिन घसा दाबल्यासारखं चालतं. सायलेन्सर आतून चोंदला आहे का, पाइप कुठे दगडावर आपटून चेपला आहे का, तेही याच फेरीत.

मग हवा. एअर फिल्टर बदला आणि फिल्टरपासून टर्बोपर्यंतची, टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतची (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) प्रत्येक होज हाताने दाबून बघा. तुम्ही कोळसा भरता. उमरेड किंवा वणीकडच्या खाणीत दोन फेऱ्या झाल्या की फिल्टरची जी गत होते ती नुसती आपटून जात नाही. टर्बोच्या शाफ्टला उभा खेळ आहे का, ब्लेडच्या कडा खाल्ल्या आहेत का, हे होज काढलं की दिसतं. एक साधं बूस्ट गेज लावून घ्या, दोन-तीन हजारांच्या आत काम होतं, आणि ते कायम राहू द्या. भरलेल्या गाडीत चढावर पूर्ण पाय दिल्यावर सुई कुठे जाते ते लिहून ठेवा. कंपनीचा आकडा पंपवाल्याकडच्या तक्त्यात मिळतो. बूस्ट पूर्ण येत असेल तर टर्बो निरोगी आहे आणि मिस्त्रीच्या पहिल्या सल्ल्याचं कारणच संपलं.

इथे एक छोटी नळी आहे, तिच्याबद्दल वेगळं सांगतो, कारण टर्बोच्या गाड्यांत ती फार लोकांना फसवते. मॅनिफोल्डपासून पंपाच्या मागच्या डब्यापर्यंत, म्हणजे एलडीएपर्यंत, एक बारीक पाइप जातो. टर्बोने हवा दाबली की तो दाब या पाइपातून एलडीएच्या पडद्यावर पडतो आणि पडदा पंपाला सांगतो की आता जास्त डिझेल सोड. पाइपाला चीर पडली, बॅन्जो बोल्ट ढिला झाला किंवा पडदा फाटला, तर टर्बो पूर्ण दमाने हवा देत असतो आणि पंपाला ते कळतच नाही. पंप बिनटर्बोच्या मापाचंच डिझेल देतो. लक्षण अगदी स्पष्ट असतं: धूर अजिबात नाही, गाडी गोड चालते, पण ओढत नाही. उलट काही ठिकाणी मिस्त्री हा एलडीए कायमचा उघडा अडकवून देतात. मग खालच्या आरपीएमला काळा धूर आणि वरच्याला थोडी ताकद. मालक खूश होतो, कारण आपल्याकडे काळा धूर म्हणजे पॉवर असा एक समज आहे. चुलीत लाकडं कोंबून फुंकर नाही घातली तर जे होतं तेच ते. न जळलेलं डिझेल तुम्ही सायलेन्सरमधून बाहेर टाकत असता, आणि त्याचे पैसे पेट्रोल पंपावर भरलेले असतात.

डिझेलची बाजू. दोन्ही फिल्टर, फीड पंपाची जाळी, टाकीच्या झाकणाचा ब्रीदर, टाकीपासून येणाऱ्या रबरी नळ्या. नळी आतून सोलली की चढावर जास्त डिझेल मागितल्यावर ती चिकटते आणि सपाटीवर पुन्हा सगळं ठीक. अशी गाडी वर्कशॉपमध्ये उभी असताना कधीच चूक दाखवत नाही. हे सगळं झाल्यावर पंप आणि नोझल तपासणीच्या बेंचवर पाठवा. तुमच्या गाडीवर बॉशचा इनलाइन पंप असेल, बाजारात त्याला अजून मायकोच म्हणतात. पंपवाल्याला एकच सांगा: या इंजिनाच्या तक्त्याप्रमाणे लावा, सहाही प्लंजरचं (प्रत्येक सिलिंडरला डिझेल ढकलणाऱ्या दांड्यांचं) माप सारखं करा, एलडीए किती दाबाला काम सुरू करतो ते तपासा, आणि आधीचे व नंतरचे आकडे लिहून द्या. आकडे लिहून न देणाऱ्याकडे पंप देऊ नका, मग तो कितीही नावाजलेला असो. नोझलचा प्रेशर आणि फवारा समोर उभं राहून बघा. पंप बसवताना टायमिंग नीट लावलं पाहिजे. कानाने लावतो म्हणणारा मिस्त्री कदाचित बरोबर लावेलही, पण मी स्वतः स्पिल काढूनच, म्हणजे पंपातून डिझेल थांबतं तो क्षण बघूनच, लावतो. त्याच दिवशी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) इंजिन थंड असताना करून घ्या.

एवढ्या कामाला, प्लंजर आणि नोझल बदलावे लागले तर, आमच्याकडे साधारण ३५ ते ५० हजार जातात. टर्बोला नवं कोअर (आतला शाफ्ट आणि चाकांचा संच) लागलं तर वर १२ ते १५ हजार. दुकानागणिक फरक पडेल. पण परतावा बघा. महिन्याला पाच हजार किलोमीटर धावणारी गाडी ३.८ वरून ४.३ वर आली, तर दीडशे लिटर डिझेल वाचतं. ९० रुपयांच्या आसपास भाव धरला तर महिन्याला साडेतेरा हजार. चार महिन्यांत पंपाचे पैसे वसूल, आणि घाटातलं गिअर बदललं ते वेगळं. मोठ्या टर्बोला असा हिशोब मांडता येत नाही.

आता नागपूरच्या माणसाने विसरू नये अशी गोष्ट, गरमी. २५ अंशांची हवा ४५ अंशांना पोचली की तेवढ्याच जागेत सहा टक्के कमी हवा बसते. त्यातून टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापवतोही. एक बार बूस्टला ४५ अंशांची हवा १३०-१४० अंशांपर्यंत जाऊ शकते. तुमच्या टीसी इंजिनात इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) नाही, तीच तापलेली हवा सरळ आत जाते. म्हणून मे महिन्यात दुपारी दोनला गाडी जशी चालते तशी पहाटे चारला चालत नाही, आणि ड्रायव्हर म्हणतो रात्री इंजिन 'मोकळं' होतं. खरं आहे त्याचं.

डिझेल जाळून जी उष्णता होते तिचा ढोबळमानाने तिसरा भाग चाकांकडे जातो. बाकीची एक्झॉस्टमधून आणि रेडिएटरमधून बाहेर काढावी लागते. पंपातून २० टक्के डिझेल वाढवलं तर रेडिएटरवरचा बोजाही जवळपास तेवढाच वाढतो. आणि तुमचा रेडिएटर आधीच कोणत्या अवस्थेत आहे? बाहेरून कापसाची रुई, कोळशाची भुकटी, किडे. आतून बोअरच्या पाण्याचा क्षार. आपल्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड आहे की दोन वर्षांत नळ्यांच्या आत पांढरा थर बसतो. रेडिएटर उतरवून रॉडिंग करा (नळ्या सळईने साफ करा), कूलंट भरा, फॅन बेल्ट आणि शक्य असेल तर वॉटर पंप बघा. काही मिस्त्री गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून फेकतात. या इंजिनात थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरतो. थंडीत गाडी गार राहते, ऑइल जाड राहतं, आणि उन्हाळ्यात घाटात नेमकी तापते. नवा बसवा, स्वस्त वस्तू आहे.

इथपर्यंतचं केलं की तुमची गाडी कागदावरच्या १३० च्या जवळ येते. आता खरी वाढ.

वाढवायची असेल तर माझा क्रम हवा, मग डिझेल, असा आहे. उलटा कधीच नाही. याच ६९७ ला कंपनीने नंतर इंटरकूलर लावून टीसीआयसी केलं, म्हणजे रस्ता कंपनीने दाखवलेलाच आहे. भंगारात निघालेल्या गाडीचा चांगला इंटरकूलर, त्याचे पाइप आणि क्लॅम्प नागपुरात मिळून जातात. बसवण्याचं फॅब्रिकेशन धरून २५ ते ३५ हजारांत काम होतं. तापलेली हवा ६५-७० अंशांवर आणली तर तेवढ्याच बूस्टला आत जाणारी हवा पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत वाढते. त्यावर पंपातून दहा टक्के, फार तर पंधरा टक्के डिझेल वाढवा, तेही बेंचवर मोजून. पिस्टन आणि नोझल टीसीआयसीचे वेगळे असतात. त्यामुळे नुसता कूलर लावून टीसीआयसीचे सगळे आकडे मागू नका. घ्यायचं तेवढं घेऊन थांबा.

याच्यासोबत एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटर लावलंच पाहिजे. माझ्याकडून वाढीव पंप लावून घेणाऱ्याला मी ते सक्तीचं करतो. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि तो वितळताना आधी सांगत नाही. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये सेन्सर बसवायचा. चढावर सुई सलग ७०० अंशांच्या वर राहायला लागली की पाय थोडा काढायचा आणि एक गिअर खाली घ्यायचा. पाण्याचं मीटर यासाठी उपयोगाचं नाही. पाणी तापल्याचं कळेपर्यंत पिस्टनचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

मोठ्या टर्बोबद्दल. तुमचा घाट चढताना इंजिन १३०० ते १८०० आरपीएममध्ये असतं. मोठ्या टर्बोचं चाक फिरवायला जास्त एक्झॉस्ट लागतो आणि तो वरच्या आरपीएमला मिळतो. म्हणजे जिथे तुम्हाला गरज आहे नेमकं तिथेच तो झोपलेला असेल आणि सपाटीवर टॉप गिअरमध्ये जागा होईल. ट्रॅक्टर पुलिंगच्या स्पर्धेत त्याचा उपयोग असेल, संत्र्याच्या गाडीला नाही. मूळ मापाचा, पण बेअरिंग आणि चाक चांगलं असलेला टर्बो तुम्हाला पुरे.

क्राउन-पिनियनचा, म्हणजे हौसिंगमधल्या दात्यांच्या जोडीचा, पर्याय तुम्ही विचारला नाही, पण कोणीतरी सांगेलच, म्हणून लिहितो. ७-४१ च्या जागी ६-४१ चा सेट टाकला तर इंजिनाला हात न लावता चाकावरची ओढ सोळा-सतरा टक्के वाढते. पण इंजिनाच्या त्याच आरपीएमला ७५ धावणारी गाडी ६५ वर येते, आणि ६० ने चालताना इंजिन १९०० च्या जागी २२०० वर फिरतं. खाणीतून रेल्वे साइडिंगपर्यंत कोळसा ओढणाऱ्या गाडीला मी हे आनंदाने करून देतो. तुमचं तसं नाही. नागपूरहून जबलपूर २७० किलोमीटरच्या आसपास, त्यात कुरई घाट काही किलोमीटरचा. त्या थोड्या किलोमीटरसाठी बाकी सगळ्या रस्त्यावर डिझेल जास्त जाळायचं हा व्यवहार मला पटत नाही. रायपूर बाजूला तर अजिबात नाही. मात्र एक तपासा. कोणी मधल्या काळात ९.०० च्या जागी १०.०० चे टायर टाकले आहेत का? त्याने गाडी तीन-साडेतीन टक्के उंच गिअरिंगवर जाते आणि मालकाला पत्ताही नसतो. स्पीडोमीटरही कमी दाखवतो.

टायरवरून आठवलं. हवा कमी असलेले टायर, चिकटलेला ब्रेक शू, गच्च बांधलेलं हब बेअरिंग, ही इंजिनाच्या नावाने खपणारी चोरी आहे. वीस-तीस किलोमीटर चालून आल्यावर चारही हबला हात लावून बघा. एखादं इतरांपेक्षा गरम असेल तर ते ताकद खातंय. आणि डाल्यावरचं ते लोखंडी नक्षीकाम, जादा बंपर, वरचा कॅरिअर! दिसायला झकास, पण त्याचं वजन तुम्ही वर्षभर फुकट वाहता. काढा म्हणत नाही, हौसेला मोल नसतं. निदान धरमकाट्यावर रिकामी गाडी एकदा तोलून बघा.

वेगाचाही यात वाटा आहे. ६५ च्या ऐवजी ८० ने धावायचं तर नुसत्या हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या घनाने वाढते. उंच डाला आणि फडफडणारी ताडपत्री असेल तर विचारूच नका. घाटात गेलेली दहा मिनिटं सपाटीवर ८० ने भरून काढायची ड्रायव्हरची सवय असते, आणि तुमचं ३.८ चं अ‍ॅव्हरेज थोडं तिथूनही आलेलं असेल.

मोठं इंजिन टाकण्याचा विचार सोडा. कमिन्सचं ५.९ कोणी देईलही, पण नुसतं इंजिन येऊन भागत नाही. फाउंडेशन (इंजिनाचे आधार), बेल हाउसिंग, क्लच, बहुतेक वेळा गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टची लांबी, रेडिएटर, सगळं बदलतं आणि बजेट दुप्पट होतं. त्याहून मोठी अडचण कागदांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. तुमची गाडी एमएच ४० असेल, म्हणजे ग्रामीण आरटीओ. इंजिन नंबर जुळला नाही तर फिटनेस अडेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळेल. इंटरकूलर आणि पंप यांच्याबाबतही पीयूसीची मर्यादा पाळावीच लागते. तुमच्या वयाच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धूर मोजायचं एकक) आहे. पंप नीट लागलेली गाडी त्याच्या खूप खाली राहते. नाही राहिली तर डिझेल जास्त सोडलं आहे, एवढं सरळ आहे.

तुमच्या दीड लाखाची माझी वाटणी अशी. कॉम्प्रेशन ठीक निघालं तर फिल्टर, होज, पंप, नोझल, टायमिंग, रेडिएटर आणि बूस्ट व एक्झॉस्टचे दोन्ही मीटर मिळून ६० ते ७० हजार. मग गाडी दोन महिने चालवा. त्यानंतरही घाटात कमी वाटलं तर इंटरकूलर आणि मोजून वाढवलेला पंप, ३५ ते ४५ हजार. उरलेले क्लचसाठी बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका. ताकद वाढली की जुनी क्लच प्लेट पहिली बोलते. भरलेल्या गाडीत चढावर वरच्या गिअरला पूर्ण पाय दिल्यावर आरपीएम वाढून वेग वाढत नसेल, तर ती घसरते आहे. नंतर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (जॉइंट).

वेळेचं म्हणाल तर आंबिया बहाराचा संत्रा ऑक्टोबरपासून निघायला लागतो. काम पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी काढा. तेव्हा भाडं थंड असतं आणि पंपवाल्याकडेही गर्दी नसते. दिवाळीच्या तोंडावर पंप खोललात तर तो तुमच्या सोयीने परत मिळणार नाही, आणि घाईत लावलेला पंप बिनआकड्यांचाच येतो.

तुमच्या मिस्त्रीशी भांडू नका. घरच्या गाडीला वर्षानुवर्षं हात लावलेला माणूस आहे, बाकी सगळं त्यालाच करायचं आहे. त्याला एवढंच म्हणा, 'काका, टर्बो नंतर पाहू, आधी कॉम्प्रेशन आणि बूस्ट मोजून घेऊ.' त्याने गेज नाही म्हटलं तर पंपवाल्याकडून एका दिवसासाठी मागून आणा. सहा सिलिंडरचे आकडे, बूस्टची सुई, धरमकाट्याची पावती, टायरचं माप आणि हौसिंगवरच्या पट्टीवरचा क्राउनचा आकडा, हे पाच मला कळवा. कुरईला कोणत्या वेगाने आणि किती आरपीएमवर चढते तेही ड्रायव्हरकडून लिहून घ्या. कामानंतर तोच घाट, तेवढंच वजन आणि शक्यतो तीच वेळ धरून पुन्हा मोजा. दुपारची फेरी पहाटेच्या फेरीशी ताडून बघू नका.